रिकामी दुसरी पोस्ट

प्रिय सोनू,



हॉस्टेलवर फोन फक्त रविवारी मिळतो आणि रविवारी तू रडतेस, असं वहिनी सांगत होती. म्हणून हे पत्र. वाचताना रडलीस तरी चालेल. कागद ओला होईल एवढंच, मधे कुणी बोलणार नाही.

दादाने तुझ्या शेवटच्या हॉकी मॅचचा व्हिडिओ पाठवला. मी तो तीनदा पाहिला. पहिल्यांदा आत्या म्हणून, नुसतं कौतुकाने. दुसऱ्यांदा वही-पेन घेऊन. तिसऱ्यांदा बॉल कुठे चाललाय ते सोडून फक्त तुझ्या पायांकडे.

तुझं म्हणणं असं, की 11 मॅच झाल्या, एकही गोल नाही, म्हणजे मी फॉरवर्ड नाहीच. माझ्या वहीत मात्र वेगळंच निघालं. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये तू 6 वेळा डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, शिरलीस आणि 2 शॉट मारलेस. एक कीपरच्या पॅडवर गेला, एक पोस्टच्या बाहेरून. बाहेर गेलेला सोपा होता, ते मी नाकारत नाही. त्यावर बेंचवरून कुणीतरी ओरडलं, तेही ऐकू आलं. त्यानंतरच्या दोन क्वार्टरमध्ये तू डीमध्ये शिरलीस फक्त एकदा. बाकी सगळा वेळ पंचवीस यार्डाच्या रेषेवर पळत होतीस, बॉल मागत होतीस, मिळाला की लगेच दुसरीला देत होतीस. बघणाऱ्याला वाटावं, काय कष्टाळू पोरगी आहे! मला मात्र दिसलं की तू लपत होतीस.

शब्द लागला ना? लागू दे. तो मी आधी स्वतःला लावलाय, मग तुला. ते पुढे सांगते.

आधी एक साधी गोष्ट. हॉकीत कितीही लांबून, कितीही जोरात मारलं तरी डीच्या बाहेरून गोल होत नाही. डीमध्ये आपल्या कुणाची तरी स्टिक बॉलला लागावीच लागते. फुटबॉलवाल्याला तीस मीटरवरून नशीब आजमावता येतं, आपल्याला ती सोय नाही. म्हणजे फॉरवर्डचं पहिलं काम गोल करणं नव्हेच, त्या अर्धवर्तुळात असणं हे आहे. आणि तिथे असणं म्हणजे चारचौघांत चुकायची तयारी ठेवणं. डिफेंडर चुकली तर मागे कीपर असते. कीपरने दहा अडवले की अकरावा सुटला तरी लोक टाळ्या वाजवतात. फॉरवर्डचं उलटं. तिचे दहा हुकलेले सगळ्यांच्या लक्षात राहतात. हा या जागेचा स्वभाव आहे, तुझा दोष नव्हे.

टोकियो ऑलिंपिकमधली वंदना कटारिया आठवते? तू तेव्हा अगदी लहान होतीस, आपण सगळे टीव्हीसमोर होतो. भारताच्या मुली पहिल्या तिन्ही मॅच हरल्या होत्या. 31 जुलै 2021 ला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध जिंकणं भागच होतं. त्याआधी मे महिन्यात तिचे वडील गेले आणि कॅम्प सोडून तिला घरी जाता आलं नव्हतं. आपण पुढे गेलो की समोरच्या बरोबरी साधत होत्या, असं तीनदा झालं. शेवटी 4-3 ने जिंकलो, त्यातले 3 गोल वंदनाचे. ऑलिंपिक हॉकीत हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. पण ते गोल पुन्हा लावून बघ. लांबून सणसणीत मारलेला त्यात एकही सापडणार नाही. पोस्टजवळ उभं राहून लावलेली स्टिक, छोटासा स्पर्श. तिथे ती होती, म्हणून झाले.

आणि बेंचवर बसवलं म्हणून तुझं जे चाललंय, त्यासाठी बलबीर सिंग सीनियर यांची गोष्ट. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध त्यांनी एकट्याने 6 गोल केले. आता कुणाला वाटेल, यांना कोण बाहेर ठेवणार? ठेवलं. पुन्हा उतरले ते थेट फायनलला, ब्रिटनविरुद्ध वेम्बलीवर. आपण 4-0 ने जिंकलो, पहिले दोन गोल त्यांचे. सहा गोलवाल्याला जिथे बाहेर बसावं लागलं, तिथे एखाद्या मॅचला तू दोन क्वार्टर बसलीस म्हणून तुझं हॉकी संपत नाही. मात्र बसलेली असताना खाली मान घालून बुटाची लेस बघत बसू नकोस. समोरची कीपर कोणत्या बाजूला आधी पडते, ते बघ.

आता थोडं कामाचं. सगळाच दोष मनाचा नाही, गं. वर्षभरात तू दोन इंच वाढलीस आणि स्टिक तीच जुनी आहे. व्हिडिओत तू कमरेतून फार वाकतेस, म्हणून मान खाली राहते आणि पोस्ट दिसतच नाही. दादाला सांगितलंय. सरांना विचारून अर्धा इंच मोठी स्टिक बघा. नवी आली की पहिले पंधरा दिवस सगळंच चुकल्यासारखं वाटेल. घाबरू नकोस, हात बसायला वेळ लागतो.

दुसरं, तुझा ट्रॅप पायात येतो. बॉल पायात अडकला की तो बाहेर काढायला एक टच जातो आणि तेवढ्यात डिफेंडरची स्टिक पोहोचते. घेतानाच बॉल उजव्या पायाच्या थोडा पुढे येऊ दे. तिसरं, डीमध्ये एवढी मोठी स्टिक उचलून हिट मारायला सवड कुठे असते? छोटा स्लॅप मार, नाहीतर पुश. गोल 3.66 मीटर रुंद आहे आणि खालच्या फळीवर बॉल आपटल्याचा खट् आवाज हळू मारलेल्या बॉलचाही तितकाच गोड येतो. चौथं, रिबाउंड. आजकालची पॅड फोमची असतात, बॉल कीपरच्या पायाशी मरत नाही, तीन-चार मीटर उसळून येतो. म्हणून तिच्या अंगावर धावू नकोस, जरा मागे थांब, स्टिक जमिनीला लावून. आणि शूटिंगची प्रॅक्टिस दमल्यावर कर. मॅचमध्ये चौथ्या क्वार्टरला ताजे पाय कुणाचेच नसतात.

यातलं काही जमलं नाही तरी डीमध्ये बॉल घेऊन शिरलीस की डिफेंडर गडबडते, तिच्या पायाला बॉल लागतो, पेनल्टी कॉर्नर मिळतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये हरमनप्रीतने 10 गोल केले, सगळे पेनल्टी कॉर्नर आणि स्ट्रोकवरचे. ते कॉर्नर मिळवून देणाऱ्या फॉरवर्डची नावं तुला पटकन आठवतात का? नाही ना? पण ब्राँझ त्यांच्याही गळ्यात आहे.

म्हणून तुला एक वही करायला सांगते. रकाने फक्त तीन: डीमध्ये किती वेळा शिरले, शॉट किती मारले, आणि बॉल पलीकडून येत असताना दुसऱ्या पोस्टवर किती वेळा पोहोचले. गोलचा रकाना नको. तो मोजायला स्कोअरबोर्ड आहे. आपल्या खडकीचे धनराज पिल्ले फॅक्टरीच्या वसाहतीत मोडक्या स्टिकवर शिकले आणि चार ऑलिंपिक खेळले. त्यांनी देशासाठी नेमके किती गोल केले, याचा धड अधिकृत हिशेब कुणी ठेवलाच नाही. तरी खडकीत कुणालाही विचार, ते त्यांची धाव हाताने करून दाखवतील.

तुझ्याही गावाजवळ बघ. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे याच फलटण तालुक्यातल्या. त्या भारताच्या जर्सीपर्यंत गेल्या. हे दडपण आणायला लिहीत नाही. तुझ्यासारखीच एसटीने, पिशवीतून स्टिक बाहेर डोकावत, पोरी पुण्याला गेल्या होत्या, एवढंच सांगायचंय.

आता माझी गोष्ट. ती मी दादालासुद्धा सांगितलेली नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धा होती, सेमीफायनल, गवताचं खडबडीत मैदान. पहिल्या हाफमध्ये मोकळ्या गोलसमोर बॉल उसळून माझ्या स्टिकवरून गेला. सगळं मैदान हसलं, असं मला वाटलं. खरंतर बघायला मोजून चाळीस माणसं होती. त्यानंतर मी दुसऱ्या पोस्टवर गेलेच नाही. दर वेळी दोन पावलं उशिरा निघायचे. कुणाला कळलं नाही, फक्त मला माहीत होतं. आम्ही एका गोलने मागे होतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत आमच्या राइट विंगरने तीन बॉल टाकले. तिन्ही गोलसमोरून आडवे गेले आणि बाहेर. नुसती स्टिक लागली असती तरी पुरलं असतं.

परतताना बसमध्ये तिने विचारलं, "तू कुठे होतीस?" मी म्हटलं, "मला मार्क केलं होतं." मला कुणीही मार्क केलेलं नव्हतं. तो उसळलेला बॉल मी केव्हाच विसरले. पण ते तीन बॉल अजून कधीकधी रात्री समोरून जातात आणि पोस्टजवळ कुणी नसतं.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर मात्र हे पत्र पुरेसं नाही. सरळ मॅडमना सांग, मला सांग. गुडघा दुखला तर सांगतेस ना, तसंच.

रविवारी फोन करशील तेव्हा गोल झाला का, असं मी विचारणार नाही. तिसऱ्या रकान्यातला आकडा तेवढा सांग.

तुझी,
आत्या

ता. क. दादाबरोबर शेंगदाण्याचे लाडू पाठवलेत. रूममधल्या सगळ्यांना एकेक दे. तुमच्या राइट विंगरला दोन.