दोनाचे चार करताना

कोलोरॅडोत रॉकी पर्वताच्या पायथ्याशी मामाचं घर आहे. घरामागे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या दोन शेवरोले पिकअप. दोन्ही १९७९च्या, दोन्ही लांब हौद्याच्या. एक निळी, रंग अजून तुकतुकीत. दुसरीच्या दारांचे खालचे काठ गंजून जाळीदार झालेले, इंजिन कुणीतरी आधीच काढून नेलेलं. कोल्हापूरहून आलेली भाची दोन्ही गाड्यांना वळसा घालून आली. मेकॅनिकलचा डिप्लोमा तिनं नुकताच पुरा केला होता.

"निळी चांगली चालते ना? मग हे भंगार कशाला आणलंस?"

"चालते, पण बर्फ पडला की घरापर्यंत पोचत नाही," मामा म्हणाला. "रस्त्यापासून वर येणारा चढ पाहिलास ना? ती तिथंच चाकं गरगरवत उभी राहते. इंजिन पुढे, हौदा रिकामा. म्हणजे भार पुढच्या चाकांवर आणि ओढ मागच्या चाकांना. हौद्यात वाळूची पोती टाकून दोन हिवाळे काढले. आता तिला फोर व्हील ड्राइव्ह करायची आहे. लागणारे अवयव ही दुसरी देणार."

त्या काळच्या शेवरोले पिकअपच्या नावातच फरक सांगितलेला असे. निळी सी-१०, म्हणजे फक्त मागची चाकं ओढणारी. गंजलेली के-१०, म्हणजे चारही चाकं ओढणारी. केबिन, दारं, बॉनेट, हौदा दोन्हींचे सारखेच. ते पाहून भाचीनं मनातल्या मनात काम उरकूनही टाकलं.

"हिचा पुढचा एक्सल काढायचा, निळीला लावायचा, मधे ट्रान्स्फर केस बसवायची. दोन रविवार पुरतील."

"आधी खाली जा आणि निळीचा पुढचा एक्सल कुठाय ते मला दाखव," मामानं तिच्या हातात टॉर्च दिला.

ती पाठीवर सरकत गाडीखाली गेली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "नाहीच आहे!"

खरोखरच नव्हता. सी-१०चं प्रत्येक पुढचं चाक स्वतंत्रपणे वरखाली होतं. वर एक हात, खाली एक हात, मधे कॉइल स्प्रिंग, आणि हा सगळा संसार चेसिसच्या दोन पट्ट्यांमधल्या एका जाड आडव्या तुळईवर टांगलेला. के-१०खाली चित्र वेगळं. तिथं या चाकापासून त्या चाकापर्यंत अखंड लोखंडी एक्सल, त्यात डिफरेन्शियलचा गोळा, आणि दोन्ही बाजूंना पाटे.

"आपल्या जुन्या महिंद्रा जीपसारखे," भाची म्हणाली.

"तसेच. म्हणून तर आपल्याकडचे मिस्त्री टू व्हील जीपची फोर व्हील करू शकत होते. तिथं पुढे पाटे आधीच असायचे, त्यांच्यावर फक्त मुका एक्सल असायचा. इथं पाटे अडकवायला चेसिसवर जागाच नाही. आणि ती आडवी तुळई काढून टाकू म्हणशील, तर तिच्यावर बसलंय कोण ते बघ."

तिनं टॉर्च वर धरला. इंजिनचे दोन्ही माउंट त्याच तुळईवर होते.

"म्हणजे तुळई काढली की इंजिन खाली येणार."

"आणि इंजिनची नवी बैठक करून होते न होते तोच स्टिअरिंग आडवं येणार. निळीत स्टिअरिंग बॉक्सचा दांडा डावी-उजवीकडे हलतो. के-१०त तो पुढे-मागे हलतो आणि चेसिसला समांतर असलेल्या रॉडनं चाक ढकलतो, ओढतो. म्हणून त्याचा बॉक्स वेगळा, आणि चेसिसवरची त्याची जागाही वेगळी. शिवाय त्या जागी के-१०च्या चेसिसला तडे जाण्याची खोड आहे. म्हणून ही घेताना सगळ्यात आधी तिथंच कानशीनं घासून पाहिलं."

मग भाचीनं विचारलं की पूर्वीचे लोक हे कसे करत. हा मामाचा आवडता विषय. त्यानं थर्मासमधून दोन कपांत चहा ओतला आणि तो स्टुलावर बसला.

अमेरिकेत दुसऱ्याच्या ट्रकला चारही चाकं जोडून देणं हा एके काळी मोठा धंदा होता. इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन कंपनी १९३५पासून फोर्डचे ट्रक बदलून देई. मिनियापोलिसच्या नॅपको कंपनीनं १९५०च्या दशकात शेवरोले आणि जीएमसी पिकअपसाठी पूर्ण संच विकायला काढला. त्यात पुढचा एक्सल होता, ट्रान्स्फर केस होती, शाफ्ट होते. १९५७पासून तर गिऱ्हाइकाला तो कारखान्यातूनच बसवून मिळू लागला.

"त्यांना जमलं, मग आपल्याला का नाही?"

"कारण तेव्हा शेवरोलेच्या साध्या पिकअपलाही पुढे पाटे आणि अखंड एक्सल असायचा. एक काढा, दुसरा घाला. मग १९६० साल आलं. त्या एकाच वर्षी शेवरोलेनं स्वतःची फोर व्हील पिकअप काढली आणि साध्या पिकअपला पुढची चाकं स्वतंत्र करून दिली, म्हणजे रस्त्यावर ती मोटारीसारखी मऊ चालावी. दोन सख्खे भाऊ तिथून वेगळे निघाले, बघ. वरून कपडे सारखे, आतली हाडं वेगळी. तू आता खाली पाहिलंस ते त्या वाटणीचंच."

चहा संपला आणि दोघं गंजलेल्या गाडीच्या मध्यभागी गेले. गिअरबॉक्सच्या मागे बिडाचा एक ओबडधोबड ठोकळा चिकटलेला होता. न्यू प्रोसेस २०५ ही ट्रान्स्फर केस. साखळी नाही, आत सगळे दातेरी गिअर. मामानं तिच्यावर असा हात ठेवला, जसा शेतकरी बैलाच्या वशिंडावर ठेवतो.

"गिअरबॉक्सकडून येणारा जोर ही दोन वाटांनी सोडते, मागे आणि पुढे. पुढची वाट उजवीकडून निघते, कारण शेवरोलेच्या पुढच्या एक्सलवरचा गोळाही उजवीकडे असतो. याच काळातल्या फोर्डचा डावीकडे. फोर्डचा एक्सल स्वस्तात मिळाला म्हणून आणलास, तर पुढचा शाफ्ट इंजिनच्या खालून तिरका न्यावा लागेल."

"आणि लो गिअर?"

"१.९६. म्हणजे चाल जवळजवळ निम्मी, ओढ जवळजवळ दुप्पट. या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ६.५५ आणि एक्सलचा गिअर, माझ्या अंदाजानं, ३.७३. गुणाकार कर."

तिनं मोबाइलवर आकडे टाकले. "सत्तेचाळीस पूर्णांक एकोणनव्वद. म्हणजे इंजिनच्या जवळजवळ ४८ फेऱ्या होतात तेव्हा चाक एकदा फिरतं!"

"त्या चालीनं चढ चढताना बाजूनं माणूस गप्पा मारत चालू शकतो. बर्फात तेच हवं असतं. चाकाला झटका बसता कामा नये."

निळीची गिअरबॉक्स स्वयंचलित. तिच्या शेपटाकडून थेट मागचा शाफ्ट निघतो, तिथं ट्रान्स्फर केस जोडायची तर बाहेर येणारा शाफ्ट आखूड लागतो आणि मधे जोडणीचा तुकडा लागतो. त्यापेक्षा के-१०ची हाताची गिअरबॉक्सच घ्यायची असं मामाचं ठरलेलं. मग क्लच आला, फ्लायव्हील आलं, तिसरं पेडल आलं. केबिनच्या तळाला दोन लिव्हरसाठी भोकं आली. ब्रेकचे पाइप नव्यानं वळवायचे. दोन्ही शाफ्टची लांबी वेगळी. भाची वहीत एकेक लिहीत गेली आणि पान भरलं.

"मागचा एक्सल तरी निळीचा राहील ना?" तिनं थोड्या काकुळतीनं विचारलं.

"चाकाचे नट मोज."

निळीच्या चाकाला पाच, गंजलेलीच्या चाकाला सहा. पुढे सहा नटांची चाकं आणि मागे पाच नटांची, असं झालं तर स्टेपनी नेमकी कुठली ठेवायची? मागचा एक्सलही यादीत गेला.

भाचीनं वही मिटली. "मामा, मग निळीचं राहिलं काय? इंजिन, केबिन आणि हौदा. बाकी सगळं हिचंच. आपण उलटं का करत नाही? हिची चेसिस जशी आहे तशी ठेवू. वरचं गंजकं उचलून टाकू आणि निळीचं अंग हिच्यावर बसवू. कटर नको, नवे ब्रॅकेट नकोत, स्टिअरिंगची जागा कारखान्यानं दिलेलीच."

मामाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्याला हेच करायचं होतं, पण ते तिच्याकडून यावं अशी त्याची इच्छा होती. म्हणूनच त्यानं सुटे भाग न घेता सबंध गाडी आणली होती, आणि तीही नेमकी लांब हौद्याची. याच जातीची सबर्बन स्वस्त मिळत होती, पण तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर १२९.५ इंच. लांब हौद्याच्या पिकअपचं १३१.५. ब्लेझर तर १०६.५ इंचांतच आटपते. एक्सल आणि ट्रान्स्फर केस काढायला त्या दोन्ही गाड्या उत्तम. पण सबंध चेसिस हवी असेल तर दोन इंचांचा फरकही मागच्या चाकावरची कमान चुकवतो.

"वेल्डिंग मला येतं," मामा म्हणाला. "तरीही ज्या सांध्यावर स्टिअरिंग आणि पुढचा एक्सल पेलायचा, तो सांधा शेडमध्ये बनवलेला नसावा असं मला वाटतं. त्या गाडीत तुझी मामी बसणार आहे. चढाच्या एका बाजूला दरी आहे."

भाचीला कागदपत्रांची आठवण झाली. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीत मूलभूत बदल करू देत नाही. नोंदणीतले तपशील निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. कोल्हापुरात जीपला मोठी चाकं लावून मिरवणारी मुलं तिनं पाहिली होती आणि त्यांना दंड होतानाही पाहिलं होतं.

"इथं करता येतं, पण मनाला येईल तसं नाही," मामा म्हणाला. त्यानं निळीच्या काचेतून डॅशबोर्डवरची छोटी पाटी दाखवली. नंबराचं दुसरं अक्षर सी. गंजलेलीच्या पाटीवर त्याच जागी के. "केबिन सांगणार टू व्हील, चेसिस सांगणार फोर व्हील. पाटी काढून इकडची तिकडे लावणं हा इथं केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे तिला हात लावायचा नाही. दोन्ही गाड्यांचे मालकीचे कागद माझ्या नावावर करून घेतलेत. नोंदणी कशी करायची ते आधी कार्यालयात विचारून ठरवायचं, मग पाना हातात घ्यायचा."

संध्याकाळ व्हायला तासभर होता. "आज एकच काम करू," मामा म्हणाला. "माझा ३.७३चा अंदाज खरा आहे का ते बघू. पुढच्या आणि मागच्या एक्सलचे गिअर जुळले नाहीत तर सगळं फुकट. ही ट्रान्स्फर केस फोर व्हीलमध्ये टाकली की दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात, मधे डिफरेन्शियल नसतं. एक एक्सल जास्त फिरायला बघतो, दुसरा कमी. बर्फावर चाक थोडं घसरून हिशोब मिटवतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, मग शाफ्टला पीळ बसतो आणि जॉइंट तुटतो. गिअर जुळलेले असले तरी कोरड्या रस्त्यावर फोर व्हीलमध्ये वळू नये, ते याचमुळे. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबून जातात."

त्यानं चाकांना ओंडके लावले, पुढचं एकच चाक जॅकवर घेतलं, हब लॉक केले, ट्रान्स्फर केस न्यूट्रलला आणली. भाचीनं टायरवर आणि शाफ्टवर खडूच्या रेघा ओढल्या. दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळे उचललेलं चाक बरोबर दोनदा फिरवायचं आणि शाफ्ट किती फिरतो ते मोजायचं. मामा चाक फिरवू लागला, ती खाली पडून मोजू लागली.

"एक... दोन... तीन... आणि पाऊण. नाही, पाऊणला जरा कमी."

"३.७३. आता मागचा."

मागचाही तितकाच भरला. मग निळीची पाळी. जॅक तिच्याखाली सरकला, मागचं एक चाक उचललं गेलं, दोन फेऱ्या झाल्या.

"तीन. आणि अगदी किंचित वर," खालून आवाज आला.

मामानं खडू मागून घेतला, वाकला, आणि निळीच्या मागच्या एक्सलवर मोठी फुली मारली.