शिक्का मारण्याआधी

चि. भाचीस,


संरक्षण मंत्रालयात रुजू होते आहेस. टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल, रिस्ट्रिक्टेड या चार पायऱ्या तुला लवकरच पाठ होतील. कागद फुटला तर देशाचं किती नुकसान होईल, यावर त्याची पायरी ठरते. सही किती मोठ्या साहेबाची, यावर नाही. भीतीपोटी शिक्का एक पायरी वर नेऊ नकोस. सगळंच सीक्रेट झालं की खरं सीक्रेट कोणी जपत नाही.

जपायचं ते मात्र जिवापाड जप. तुकडी कुठे आहे, रडार कुठवर पाहतं, खबर कोणी दिली, यातलं अवाक्षरही मला सांगू नकोस. 2020 मध्ये लष्कराने जवानांना 89 ॲप मोबाइलमधून काढायला लावली, ती उगाच नव्हे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे ते. 1962 च्या चीन युद्धातल्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडिअर भगत यांनी केली. तेव्हा संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. 2 सप्टेंबर 1963 ला त्यांनी लोकसभेत निष्कर्षांचा गोषवारा सांगितला आणि मूळ अहवाल सुरक्षेसाठी, सैन्याच्या मनोधैर्यासाठी बंद ठेवला. त्या वर्षी ते योग्यच होतं असं मी मानतो. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. पण 2010 मध्येही संसदेत तेच उत्तर मिळालं: अहवाल आजही लष्करीदृष्ट्या संवेदनशील आहे. 2014 मध्ये नेविल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. आपल्या पोरांच्या मरणाची कारणं आपल्याला परक्याकडून वाचावी लागली, याचा मला आजही संताप येतो. उलट कारगिलच्या आढावा समितीचा अहवाल 2000 मध्ये, काही भाग गाळून का होईना, संसदेपुढे आला. जमतं ते.

म्हणून शिक्का सुचवताना स्वतःला विचार: हे कळलं तर जवान धोक्यात येईल, की कुणाची अब्रू? अब्रूसाठी शिक्का नाही. माहिती अधिकाराच्या कायद्यातलं कलम 8(2) नीट वाच. संरक्षणाची माहितीसुद्धा जनहित मोठं असेल तर देता येते. तुझ्या मंत्रालयाच्या 2021 च्या धोरणाप्रमाणे युद्धाच्या नोंदी साधारण 25 वर्षांनी खुल्या करायच्या असतात. तशी जुनी फाइल हाती आली तर तिच्यावर टिपण लिहून वर पाठव, पुन्हा कपाटात ठेवू नकोस.

तुझा,
मामा