गाऊन केलेली प्रार्थना

घोडबंदर रोड तुम्हांला ठाऊक आहे. माजिवड्याहून निघावे, कापूरबावडी, मानपाडा, कासारवडवली, ओवळा करीत गायमुखाशी यावे. तिथून खाडीच्या कडेकडेने घोडबंदरचा किल्ला गाठावा. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच इमारती झाल्या आहेत. पण इमारतींच्या आड जुनी गावे अजून आहेत. त्यांत आगरी आहेत, कोळी आहेत, आदिवासींचे पाडे आहेत, तशी ख्रिस्ती घरेही आहेत. रविवारी सकाळी चर्चवरून जाताना आतून गाणे ऐकू येते. बाहेरच्या माणसाला वाटते, हे लोक काय बरे गात असतील?

पुष्कळदा ते जे गातात, ते अडीच हजार वर्षांहून जुने असते. ते कसे, हे या पाठात पाहू.

ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथाला बायबल म्हणतात. त्या मोठ्या ग्रंथात एक छोटा ग्रंथ आहे. त्याचे नाव स्तोत्रसंहिता. तिच्यात १५० स्तोत्रे आहेत. ती यहुदी लोकांच्या हिब्रू भाषेत रचली गेली. त्यांतली बरीचशी दावीद राजाच्या नावाने ओळखली जातात. हा दावीद लहानपणी मेंढरे राखीत असे आणि वीणेसारखे तंतुवाद्य वाजवीत असे. म्हणून तेविसाव्या स्तोत्रात देवालाच मेंढपाळ म्हटले आहे, याचे नवल वाटत नाही. ज्याने मेंढरे राखली, त्याला देव तसाच दिसणार.

पण या स्तोत्रांत नुसती स्तुतीच आहे असे समजू नका. माणूस देवाशी भांडतो, रडतो, जाब विचारतो, तेही आहे. १३७ वे स्तोत्र पाहा. शत्रूंनी यरुशलेम शहर पाडले आणि यहुदी लोकांना बाबेल देशी धरून नेले. तिथे नदीकाठी बसून हे लोक रडत होते. धरून नेणारे म्हणाले, तुमच्या देशाची गाणी म्हणा पाहू. यांनी आपली वाद्ये झाडांना टांगून ठेवली. परक्या मुलखात देवाचे गाणे कसे गावे, असा त्यांचा सवाल आहे. गाव सोडून पोटासाठी लांब गेलेल्या माणसाला हे स्तोत्र समजावून सांगावे लागत नाही.

येशू ख्रिस्त स्वतः यहुदी होता. त्याला ही स्तोत्रे पाठ होती. शिष्यांबरोबर शेवटचे जेवण झाल्यावर सर्वांनी मिळून स्तोत्र म्हटले आणि मग ते बाहेर डोंगराकडे गेले, असे बायबलात लिहिले आहे. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलेले दुःखाचे शब्दही बाविसाव्या स्तोत्राचेच आहेत. तेव्हापासून ख्रिस्ती उपासनेत ही स्तोत्रे गाण्याची चाल पडली, ती आजवर चालू आहे.

आता ही गातात कशी, ते पाहू. स्तोत्राच्या ओळीचे बहुधा दोन भाग असतात. पहिल्या भागात जे सांगितले, तेच दुसऱ्या भागात वेगळ्या शब्दांनी सांगतात. आमच्याच मनचे उदाहरण देतो. पहिला भाग : शेतावर पाऊस आला. दुसरा भाग : नांगरटीने पाणी प्यायले. गोष्ट एकच, पण दुसऱ्यांदा ऐकताना ती खोल जाते. म्हणून मंडळी दोन बाजूंना बसतात. एका बाजूने पहिला भाग म्हणायचा, दुसऱ्या बाजूने दुसरा. किंवा एकाने स्तोत्र म्हणायचे आणि सर्वांनी पालुपद धरायचे. भजनात बुवा आणि मागचे झिलकरी असतात ना, तसेच हे.

म्हणण्याचेही दोन प्रकार. एक प्रकार तालाचा. त्याला ठरलेली चाल, ठेका असतो. दुसरा प्रकार बिनतालाचा. श्रावणात पोथी वाचणारा माणूस कसा एकाच सुरावर पुढे पुढे जातो आणि ओळ संपताना आवाज जरा खाली सोडतो? अगदी तसे. यात सूर शब्दाच्या मागून चालतो. शब्द लांब असेल तर सूर लांबतो, शब्द संपला की सूर थांबतो. आम्हांला विचाराल तर हा दुसरा प्रकार साधा दिसतो, पण तोच अवघड. शब्दाचा अर्थ कळल्याशिवाय तो नीट म्हणता येत नाही.

आणि खरी अडचण इथेच होती. आपल्या या खाडीकाठी ही स्तोत्रे फार जुन्या काळापासून आली, पण ती आली परक्या भाषेत.

सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की कल्याणा नावाच्या बंदरात ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप, म्हणजे मुख्य धर्मगुरू, इराणातून येतो. ते कल्याणा म्हणजे आपले कल्याणच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पुढे १३२१ साली चार ख्रिस्ती साधू ठाण्यास आले होते. धर्माच्या वादातून त्यांना इथे ठार मारण्यात आले. त्यांच्यामागून आलेल्या ओडोरिक नावाच्या साधूने, ठाण्यात पूर्वेकडच्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, अशी नोंद केली आहे. त्या पंथाच्या उपासनेची भाषा सिरियाक. ती पश्चिम आशियातली भाषा.

मग पोर्तुगीज आले. १५३४ साली वसईचा मुलूख त्यांच्या हाती गेला. ठाणे, घोडबंदर, वसई इथे चर्च उभी राहिली. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईही घेतली. राज्य बदलले. गावचे ख्रिस्ती लोक गावातच राहिले आणि घरी आपली मराठी बोलीच बोलत राहिले. पण चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिन भाषेत होई. लॅटिन ही रोमची जुनी भाषा. शेतात राबणारी, मासे विकणारी माणसे लॅटिन शब्द तोंडपाठ म्हणत. सूर बरोबर लागे, अर्थ मात्र पाद्रीबुवांपाशी राही. ही माणसे भाविक नव्हती असे कोण म्हणेल? पण दुःखाचे स्तोत्र कोणते आणि आनंदाचे कोणते, हे सुरावरून ओळखायचे, ही काही चांगली स्थिती नव्हे.

असे सगळीकडेच होते असे नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री होता. तो १५७९ साली गोव्यास आला आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, तिथेच राहिला. तो मराठी शिकला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पूर्वीच्या पुराणांची आठवण येई. गाऊन वाचावे असे त्यांच्यापाशी काही नव्हते. त्यांच्यासाठी त्याने ख्रिस्तपुराण लिहिले. सुमारे अकरा हजार ओव्या! आपल्या ज्ञानोबांच्या ओवीच्या वळणाने येशूची कथा त्याने सांगितली. लोक चर्चमध्ये आणि घरी ती गाऊन वाचत. १६१६ साली हा ग्रंथ साष्टीतल्या रायतूर गावी छापला गेला. (ही साष्टी गोव्यातली. आपले ठाणे ज्या साष्टी बेटावर आहे, ते निराळे.) देवनागरी खिळे नव्हते, म्हणून भाषा मराठी आणि अक्षरे रोमन, असा तो छापला.

पुढे १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने लोकांच्या बोलीविरुद्ध हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाची तिसरी छपाई १६५४ सालची. त्यानंतर ते पुन्हा छापले गेले १९०७ साली, मंगळूरला. मधली अडीचशे वर्षे ते कशावर जगले? लोकांनी हाताने लिहून ठेवलेल्या नकलांवर. लिहिणारी माणसे नसती तर अकरा हजार ओव्या वाऱ्यावर गेल्या असत्या.

इकडे घाटावर प्रॉटेस्टंट पंथाचे ख्रिस्ती लोक पहिल्यापासून मराठीत प्रार्थना करीत. पण त्यांच्या गाण्यांना बऱ्याचदा साहेबाच्या देशातल्या चाली असत. आपला ऱ्हस्व शब्द त्या चालीत ताणावा लागे आणि दीर्घ शब्द आखडावा लागे. ती ओढाताण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पुष्कळ कमी केली. (लोकमान्य टिळक ते वेगळे.) हे टिळक १८६१ साली कोकणात करजगावी जन्मले आणि १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण येशूपाशी आलो, असे ते म्हणत. त्यांनी अभंग रचले, पदे रचली, कीर्तने केली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची गीते आहेत आणि ती आजही गातात. टिळक १९१९ साली वारले. त्यांचा ‘ख्रिस्तायन’ हा ओवीबद्ध ग्रंथ अपुरा राहिला होता. तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरा केला. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या बरं का! लिहावाचायला त्या लग्नानंतर शिकल्या.

आपल्या ठाण्याकडच्या चर्चमध्ये मराठी शब्द आले ते बरेच उशिरा. रोममध्ये जगभरच्या बिशपांची मोठी सभा १९६२ ते १९६५ या काळात भरली. त्या सभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी ठराव केला की उपासनेत लोकांची भाषा वापरता येईल. मग मिस्सा मराठीत होऊ लागली. पेटी आणि तबला आत आला. आमच्या आधीच्या पिढीतल्या काही वृद्धांना हे रुचले नाही. जुन्या सुराची गोडी गेली, असे ते म्हणत. त्यात थोडे तथ्य आहे. लॅटिन सूर खरोखरच फार गोड होते. पण आपण काय मागतो हे मागणाऱ्याला कळले पाहिजे, असे आम्हांला वाटते. गोड सुरापेक्षा ते मोठे.

तरी एक काम राहिलेच आहे. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या वेळी बाया घुमटाच्या ठेक्यावर आपल्या बोलीत गाणी म्हणतात. त्यांत देवाचे नाव असते, मारियेचे असते, विहिरीचे पाणी आणि मांडवही असतो. यांतली कितीतरी गाणी कोणत्याच पुस्तकात नाहीत. ती सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईंच्या ओठांवर आहेत. तुम्हांला आता अक्षर काढता येते. एक वही घ्या, आजीला गायला सांगा आणि ती बोलेल तसे लिहा. तिची बोली सुधारू नका. अक्षर वाकडे आले तरी चालेल.

वाचनाच्या सरावालाही पाठ असलेले गाणे फार उपयोगी. तोंडाला पुढचा शब्द ठाऊक असतो, डोळा त्याला पकडतो. ओळीखाली बोट फिरवीत हळूहळू म्हणावे. ज्यांच्या घरी बायबल आहे त्यांनी ११७ वे स्तोत्र काढावे. ते सर्वांत लहान, अवघ्या दोन वचनांचे आहे. सर्वांत मोठे ११९ वे. त्यात १७६ वचने आहेत, ते सवडीने घ्यावे. त्याची रचना मोठी गमतीची आहे. हिब्रू मूळाक्षरे बावीस. कवीने पहिल्या अक्षराने सुरू होणारी आठ वचने रचली, मग दुसऱ्या अक्षराची आठ, मग तिसऱ्याची. असे करीत बावीस अक्षरे संपविली. त्या काळी मुले मूळाक्षरे गिरवताना हेच स्तोत्र म्हणत असतील की काय, असे आमच्यासारख्या जुन्या मास्तराच्या मनात येते.