प्रश्न गव्हाचा, उत्तर हरभऱ्याचे



उर्दूत एक म्हण आहे : 'सवाल गंदुम, जवाब चना.' विचारले गव्हाविषयी आणि सांगितले हरभऱ्याविषयी! दुकानात आपण साखर मागितली आणि दुकानदाराने साबण पुढे केला, तर आपण दुसऱ्या दुकानाची वाट धरतो. इंटरनेटवरही असेच घडते. ज्या उत्तराचा आपल्या प्रश्नाशी खरोखर संबंध असतो, त्याला 'संबद्ध' उत्तर म्हणतात. उर्दूतील 'मुताल्लिक' हा शब्द तुम्हांला ठाऊक आहेच. इंटरनेटवरील शोध आणि तेथील व्यापार या दोन्हींचा पाया ही संबद्धताच आहे.

सर्च इंजिन म्हणजे शोधयंत्र. आपण प्रश्न विचारल्यावर ते जगभर धावत सुटत नाही. ते अब्जावधी पाने आधीच वाचून ठेवते आणि त्यांची सूची तयार करते. जाड पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, हे दाखवणारी सूची असते, तशीच ही सूची असते. परंतु एकाच शब्दाची लाखो पाने सापडली, तर पहिले कोणते दाखवायचे? खरी अडचण येथेच आहे.

'कलम' हा शब्द घ्या. कलम म्हणजे लेखणी. कायद्याचेही कलम असते आणि आंब्याचेही कलम बांधतात. नुसते 'कलम' असे लिहिले, तर बिचाऱ्या यंत्राने काय समजावे? 'आंब्याचे कलम कसे बांधावे' असे लिहिले की अर्थ स्पष्ट होतो. म्हणून शोधणाऱ्याने प्रश्न नेमका विचारला पाहिजे. चांगले उत्तर मिळण्याची ती पहिली पायरी होय.

सुरुवातीच्या काळातील शोधयंत्रे मुख्यतः पानावरील शब्द पाहत. काही व्यापाऱ्यांनी हे हेरले. 'स्वस्त घड्याळ, स्वस्त घड्याळ' असे शब्द ते पानावर शेकडो वेळा लिहीत. कित्येकदा पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत लिहीत. वाचकाला ते दिसत नसे, यंत्राला मात्र दिसे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार होता.

१९९८ साली अमेरिकेत लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन तरुणांनी गूगल कंपनी स्थापन केली. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना त्यांनी एक नवा विचार मांडला होता. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा म्हणजे जणू एक शिफारस. ज्या पानाची शिफारस इतर चांगली पाने करतात, ते पान महत्त्वाचे मानावे. या विचाराने शोध पुष्कळ सुधारला. पण पुढे लोक शिफारशीही विकत घेऊ लागले. तेव्हा यंत्राचे नियमही वेळोवेळी कडक करावे लागले.

अशा लबाडीचा शेवट कसा होतो, याचे एक उदाहरण पाहा. बीएमडब्ल्यू ही जर्मनीतील नामांकित मोटार कंपनी. तिच्या जर्मन संकेतस्थळावर काही पाने केवळ शोधयंत्रासाठी बनवलेली होती. त्यांत 'जुनी मोटार' या अर्थाचा शब्द पुनःपुन्हा लिहिला होता. वाचक तेथे गेला, की त्याला लगेच दुसऱ्याच पानावर नेले जाई. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने ते संपूर्ण संकेतस्थळ आपल्या सूचीतून काढून टाकले. कंपनीने ती पाने हटवल्यावर काही दिवसांनी ते पुन्हा घेतले गेले. नाव कितीही मोठे असले, तरी यंत्राला एक आणि वाचकाला दुसरे दाखवणे चालत नाही, हे सर्वांना कळले.

मग जाहिरातींचे काय? तेथे तर पैसा बोलतो, असे तुम्ही म्हणाल. १९९८ साली 'गो-टू' या अमेरिकन शोधयंत्राने जागांचा लिलाव सुरू केला. जो अधिक पैसे देईल, तो वर. २००२ साली गूगलने लिलावात आणखी एक गोष्ट मोजायला सुरुवात केली : जाहिरात पाहणाऱ्यांपैकी किती जण ती उघडतात?

हिशेब करून पाहू. समजा, एक व्यापारी प्रत्येक वेळी जाहिरात उघडल्याबद्दल १० रुपये द्यायला तयार आहे, पण १०० जणांपैकी फक्त २ जण ती उघडतात. म्हणजे २० रुपये झाले. दुसरा ६ रुपयेच देतो, पण त्याची जाहिरात प्रश्नाशी जुळणारी असल्याने ५ जण उघडतात. म्हणजे ३० रुपये झाले. कमी बोली लावूनही दुसऱ्याची जाहिरात वर आली! पुढे जाहिरातीमागचे पान किती उपयोगी आहे, हेही पाहिले जाऊ लागले.

यात लहान दुकानदारासाठी मोठा धडा आहे. समजा, कुणी अत्तर विकतो. 'सर्वांत उत्तम अत्तर' असे शंभर वेळा लिहिण्यापेक्षा त्याने गिऱ्हाईक काय विचारते ते आठवावे. हे अत्तर कशापासून बनते? किंमत काय? बाटली कशी ठेवावी? दुकान कोठे आहे? याची सरळ उत्तरे लिहिली, की योग्य गिऱ्हाईक त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उत्तर संबद्ध असणे वेगळे आणि खरे असणे वेगळे. तुम्ही शिष्यवृत्तीविषयी विचारले आणि एखाद्या ठगाचे पान शिष्यवृत्तीविषयीच असले, तर तेही समोर येऊ शकते. वर दिसले म्हणून ते खरे ठरत नाही. ते पान कोणाचे आहे? त्यावर तारीख कोणती आहे? 'प्रायोजित' किंवा 'जाहिरात' असे लिहिले आहे काय? फॉर्म भरण्यासाठी कुणी पैसे किंवा ओटीपी मागत आहे काय? इतके तपासा आणि शंका आली तर शिक्षकांना विचारा. महाराष्ट्र शासनाचे निर्णय मराठीत निघतात. म्हणून 'शिष्यवृत्ती', 'पात्रता', 'अल्पसंख्याक', 'शासन निर्णय' असे शब्द तुम्हांला येत असतील, तर मूळ कागद तुम्ही स्वतः शोधू आणि वाचू शकता. मग कुणा मध्यस्थाची गरज उरत नाही.

परीक्षेत पाने भरली, पण विचारले त्याचे उत्तरच लिहिले नाही, तर गुण मिळत नाहीत. बाजारातही गिऱ्हाईक हाच न्याय लावते. म्हणून प्रश्न नीट विचारा, नीट ऐका आणि विचारले असेल त्याचेच खरे उत्तर द्या.

स्वाध्याय

१. 'संबद्ध उत्तर' कशाला म्हणतात?
२. बीएमडब्ल्यू कंपनीचे संकेतस्थळ सूचीतून का काढले गेले?
३. कमी बोली लावणाऱ्याची जाहिरात वर कशी आली? हिशेब करून दाखवा.
४. 'वर दिसले म्हणून ते खरे ठरत नाही' या विधानावर पाच वाक्ये लिहा.
५. 'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा' या म्हणीचा अर्थ सांगा व त्याच अर्थाची उर्दू म्हण शोधा.