पिल्लू
आमच्या चंपीला कडब्याच्या गंजीखाली चार पिल्ले झाली. शाळेत गुरुजींनी विचारले, "गाईचे वासरू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू. मग कुत्रीचे?" मी म्हणालो, "पिल्लू." मांजरीचेपण पिल्लूच. कोंबडीचे, चिमणीचेही पिल्लूच. म्हणजे कुत्रीला वेगळा शब्दच नाही! मला वाईट वाटले.

एक असेल तर पिल्लू, अनेक असतील तर पिल्ले. घरी आम्ही पिल्लं म्हणतो. गावात खोटी बातमी उठली की आजी म्हणते, "हे पिल्लू कुणी सोडलं गं?" ते काही खरे पिल्लू नसते.

आई धाकट्या बहिणीला पिल्लू म्हणते. आधी मला म्हणायची.

चंपीची तीन पिल्ले लोकांनी नेली. पांढऱ्या पायाचे एक राहिले आहे. ते मी कुणाला देणार नाही.