शेतकामासाठी व पिकांच्या राखणीसाठी जीपगाडीची निवड

ज्या शेतकऱ्याची वस्ती पक्क्या सडकेपासून आत, ओढ्यापलीकडे किंवा डोंगराच्या उतारावर असते, त्याच्या अडचणी पावसाळा सुरू होताच वाढतात. दुधाचे कॅन वेळेवर संकलन केंद्रावर पोचत नाहीत, खताची पोती सडकेच्या कडेलाच उतरवून घ्यावी लागतात, आणि रात्री घरात कोणी आजारी पडल्यास त्याला बाजेवर घालून चिखलातून न्यावे लागते. अशा ठिकाणी चारही चाकांना इंजिनाची गती मिळणारी जीपगाडी हे मोठेच साहाय्य होय. परंतु नवी गाडी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे जुनी गाडी पाहावी लागते, आणि जुन्या गाडीच्या सौद्यात रंगरंगोटीला व इंजिनाच्या आवाजाला भुलून वर्षभराची कमाई गमावणारे शेतकरी थोडे नाहीत. वास्तविक इंजिन हा गाडीचा असा भाग आहे की तो तालुक्याच्या गावी उतरवून दुरुस्त करता येतो. चॅसिस वाकलेली किंवा गंजलेली असेल, अथवा पुढच्या चाकांना गती देणारी यंत्रणा नुसती नावापुरती उरली असेल, तर मात्र ती गाडी स्वस्तात मिळूनही महागच पडते. यास्तव परीक्षेचा क्रम नेहमीच्या उलट, म्हणजे खालून वर असावा.

जीप व शेती यांचा संबंध जुना आहे. दुसरे महायुद्ध संपताच १९४५ साली अमेरिकेतील विलीज कंपनीने आपल्या लष्करी जीपची नागरी आवृत्ती विक्रीस आणली, ती मुख्यतः शेतकऱ्यांसाठी. ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स हे आपल्या शेतावर युद्धातील जुनी जीप वापरीत असत; तिच्यावरून सुचलेली लँड रोव्हर १९४८ साली बाजारात आली. भारतात महिंद्र कंपनीने विलीज जीप जोडण्याचे काम १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केले. त्या काळी या गाड्यांना नांगर जोडून दाखविण्यात येत असे. ही कल्पना फारशी रुजली नाही, व त्याचे कारण उघड आहे. ओढण्याची शक्ती चाकांवरील वजनावर अवलंबून असते आणि त्या जीपचे वजन सुमारे एक टनच होते. शिवाय नांगरटीच्या संथ वेगात क्लच जळतो व इंजिन तापते. म्हणून ट्रॅक्टरचा खर्च वाचेल या आशेने जीप घेऊ नये. माल व माणसे अडचणीच्या वाटेने नेणे हेच तिचे काम होय.

दुसरा उपयोग शिकारीचा होता. परवाना घेऊन शिकार करण्याचे दिवस होते तोपर्यंत जीप ही शिकाऱ्यांची आवडती गाडी होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला आणि ते दिवस संपले. आज रानडुकरे किंवा रोही पिकाची नासाडी करीत असतील, तरी अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून त्यांना मारता येत नाही. इतकेच नव्हे, तर त्यांचा पाठलाग करणे किंवा त्यांना हाकून कोंडीत पकडणे याचाही समावेश कायद्याने शिकारीच्या व्याख्येत केला आहे, आणि अशा गुन्ह्यात वापरलेले वाहन जप्त होऊ शकते. कर्ज काढून घेतलेली गाडी एका रात्रीच्या उत्साहापायी वनखात्याच्या आवारात जाऊन उभी राहावी, यासारखी दुसरी हानी नाही. राखणीसाठी गाडीचा रास्त उपयोग एवढाच की राखणदार, बॅटरी, कुंपणाची तार व खांब शिवारात पोचविणे, रात्री बांधाच्या कडेने फेरी मारणे आणि नुकसान दिसल्यास सकाळी पंचनाम्यासाठी लगेच वर्दी देणे. या कामाला वेगाची गरज नाही. संथ चाल, खात्रीने सुरू होणारे इंजिन आणि चांगले दिवे असले म्हणजे झाले.

कोणती गाडी पाहावी

प्रथम ओझ्याचा हिशेब कागदावर मांडावा. चाळीस लिटरचा भरलेला दुधाचा कॅन कॅनसह सुमारे पन्नास किलो भरतो. असे सहा कॅन म्हणजे तीनशे किलो, आणि चालकासह तीन माणसे धरली की एकूण पाचशे किलो झाले. लहान जीपगाड्यांची वाहनक्षमता साधारणपणे एवढ्यातच संपते. यापेक्षा अधिक ओझे रोजचे असेल तर जीपचा विचार सोडून मालवाहू गाडी घेणे बरे.

जुन्या बाजारात महिंद्रच्या डिझेल जीप, विशेषतः एम.एम. ५४० व तिच्या जातीच्या गाड्या, अधिक आढळतात. त्या जड व आवाजी खऱ्या, पण कमी फेऱ्यांवर चांगले ओढतात आणि त्यांचे काम जाणणारा मिस्त्री बहुतेक तालुक्यांत मिळतो. १९८५ साली निघालेली मारुती जिप्सी पेट्रोलवर चालते. ती हलकी असल्यामुळे चिखलातून चटकन निघते, परंतु ओझ्याच्या कामाला कमी पडते. सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री आता बंद झालेली असल्याने जी मिळेल ती जुनीच असणार, हे लक्षात घ्यावे. थार ही गाडी २०१० पासून विक्रीस आली आणि तिचे नवे रूप २०२० साली निघाले. किंमत परवडत असेल तर हीही पाहण्याजोगी आहे. येथे एक सूचना महत्त्वाची आहे. एकाच घाटाच्या दिसणाऱ्या कित्येक जीप केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या म्हणूनही विकल्या गेल्या आहेत. बाह्य रूपावरून गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे असे कदापि समजू नये.

चॅसिस व चाकांची परीक्षा

गाडी दिवसाउजेडी, धुतल्यानंतर पाहावी आणि खाली पोते अंथरून तिच्याखाली शिरावे. चॅसिसच्या पट्ट्यांवर लहान हातोडीने ठोकत गेल्यास चांगले लोखंड खणखणते, गंजाने खाल्लेले बद्द वाजते. पाटे जेथे अडकविलेले असतात त्या जागा व चिखल साचणाऱ्या आतल्या कडा अधिक बारकाईने पाहाव्यात. कोकणात राहिलेल्या गाडीच्या बाबतीत ही दक्षता दुप्पट घ्यावी. ताजा काळा रंग केवळ खालच्या बाजूस दिलेला असेल तर त्याखाली वेल्डिंग आहे काय हे खरवडून पाहावे. विक्रेता खरवडू देत नसेल तर सौदा तेथेच थांबवावा. चॅसिस वाकली आहे किंवा नाही हे सुतळीनेही कळते. पुढच्या डाव्या कोपऱ्यातील छिद्रापासून मागच्या उजव्या छिद्रापर्यंतचे आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंतचे अंतर मोजावे. दोन्ही कर्ण सारखे न भरल्यास गाडीने मोठा अपघात पाहिलेला आहे असे समजावे.

पुढच्या चाकांना खरोखर गती मिळते काय, याची कसोटी पुढीलप्रमाणे करावी. सपाट जागेवर पुढचे एक व मागचे एक चाक जॅकने उचलून आधार द्यावा. उरलेल्या दोन्ही चाकांना पुढून व मागून दगड लावणे अत्यावश्यक आहे, कारण अशा स्थितीत हँडब्रेकवर विसंबता येत नाही. इंजिन बंद व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून फोर व्हीलचा दांडा टाकावा, पुढच्या हबला कुलूप असेल तर ते जोडावे, हँडब्रेक सोडावा आणि मागचे उचललेले चाक हाताने फिरवावे. पुढचे उचललेले चाकही फिरले पाहिजे. ते न फिरल्यास शाफ्ट काढून टाकलेला आहे किंवा आतील दाते गेलेले आहेत. ही परीक्षा पाऊण तासाची आहे. ती टाळणाऱ्याला पहिल्याच पावसात ओढ्यात तिचा निकाल मिळतो.

चाके उचललेली असतानाच पुढचे चाक वरखाली हलवून किंग पिन व बेअरिंगची ढिलाई पाहावी. डिफरन्शियलचे तेल थोडे काढून बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे. तेलात लोखंडाची चमक दिसल्यास दाते झिजत आहेत.

इंजिनाची परीक्षा यानंतर. गाडी थंड असतानाच सुरू करण्यास सांगावे. आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनाविषयी संशय घ्यावा. सुरू झाल्यावर तेल भरण्याचे झाकण उघडले असता धुराचे लोट धापा टाकल्याप्रमाणे येत असतील तर सिलिंडर व रिंगा झिजल्या आहेत. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅसकेट फुटलेले असण्याचा संभव आहे, मात्र हे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. त्यानंतर ठरलेल्या ओझ्याइतकी पोती भरून गाडी चढावर न्यावी. रिकाम्या गाडीची चाचणी ही चाचणीच नव्हे.

उतार, चिखल आणि उलटण्याचा धोका

चार चाकांची गती चढण्यास व निघण्यास उपयोगी पडते, थांबण्यास नाही. हा भेद न कळल्याने अपघात होतात. ओला उतार उतरताना लो गिअर टाकून इंजिनाच्या रोधाने उतरावे व ब्रेकवर कमीत कमी भार द्यावा. ओढ्यातून निघाल्यावर ड्रम ब्रेक काही वेळ पकड घेत नाहीत. ब्रेक हलका दाबून थोडे अंतर चालविल्यास ते वाळतात. उताराला आडवी गाडी घालणे, बांधावरून तिरपी उतरविणे आणि टपावर ओझे ठेवणे या तिन्ही गोष्टींनी जीप उलटते. कॅनव्हासच्या टपाच्या जुन्या जीपमध्ये माणसाला वाचविणारे काहीच नसते. म्हणून लोखंडी संरक्षक चौकट व कमरपट्टे असलेल्या गाडीला थोडी अधिक किंमत द्यावी लागली तरी ती द्यावी. ट्रॉलीत माणसे बसवू नयेत.

काळ्या भारी जमिनीत वाफसा येईपर्यंत गाडी घालूच नये. चिकट माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतात आणि चारही चाके जागच्या जागी फिरतात. शिवाय चाकोरीत दबलेली जमीन पुढील हंगामातही पिकाला जाच करते. उलटपक्षी कोरड्या डांबरी सडकेवर फोर व्हील घातलेले ठेवू नये. वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तो ताण शाफ्ट व दात्यांवर येतो.

अलीकडे हँडलने चालविण्याच्या, घोड्यावर बसावे तशा बसण्याच्या लहान चारचाकी गाड्याही काही शेतांवर दिसतात. अमेरिका व ऑस्ट्रेलिया या देशांत शेतकरी व शिकारी त्या पुष्कळ वापरतात. अशा गाड्या उलटून त्यांच्याखाली माणसे चिरडल्यामुळे ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाच्या अशा नव्या गाड्यांना चालकाचे रक्षण करणारे साधन सक्तीचे केले. येथे ती घ्यावयाची असल्यास तसे साधन आहे काय, आणि रस्त्यावर चालविण्यासाठी तिची नोंदणी होते काय, ही दोन्ही उत्तरे पैसे देण्यापूर्वी मिळवावीत.

कागदपत्रे

चॅसिसवर व इंजिनावर कोरलेले क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षरशः जुळले पाहिजेत. लष्करी लिलावातील किंवा निरनिराळ्या गाड्यांचे भाग जोडून तयार केलेल्या जीपमध्ये येथेच घोटाळा सापडतो. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविलेले असल्यास त्या बदलाची नोंद परिवहन कार्यालयात झालेली असावी. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. तिच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीत उतरावी लागते, म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना तो खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावीत. गाडीवर कर्ज असल्यास ते फेडल्याची नोंद करून घ्यावी. नमुना २९ व ३० वर विक्रेत्याच्या सह्या झाल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये, आणि विमाही आपल्या नावावर त्वरित बदलून घ्यावा.

गाडी घरी आल्यावर इंजिन, गिअरपेटी, ट्रान्स्फर केस व दोन्ही डिफरन्शियल यांतील तेल एकदमच बदलावे आणि सर्व ग्रीस निपल साफ करून भरावेत. मागील मालकाने केव्हा काय बदलले याच्या भरवशावर राहू नये. उन्हाळ्यात फोर व्हीलची गरज पडत नाही, व दांडा महिनोन्‌महिने हलविला नाही तर तो अडकून बसतो. सबब आठवड्यातून एकदा मऊ मातीच्या पाणंदीवर शंभर-दोनशे पावले फोर व्हील घालून गाडी सरळ चालवावी.