थंड टोपी आणि मंडळीचे कर्तव्य
(शास्त्रवाचन : मत्तय १०:२९-३१, १ करिंथ. ११:१५)

कर्करोगावरील औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतात; केसांची मुळेही त्यांत सापडतात. औषध चालू असता डोक्यावर थंड टोपी ठेवली, तर रक्तवाहिन्या आकसून ते मुळांशी कमी पोहोचते. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टोपी घेतलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचे केस टिकले. न घेतलेल्यांपैकी एकाचेही नाही. रक्ताच्या कर्करोगात मात्र ती वापरीत नाहीत.

इंदूरहून अवंतिका गाडीने मुंबईस उपचारासाठी जाणाऱ्या कुटुंबावर प्रवासाचा व राहण्याचा बोजा असतोच. त्यात टोपीचा खर्च निराळा. "केस पुन्हा येतील, एवढा सोस कशाला?" असे आपणच म्हणतो. परंतु आपल्या समाजातून केशवपनाची आठवण अजून गेलेली नाही. बोडक्या डोक्याने आरशापुढे उभे राहणे काय असते, हे आम्ही पुरुषांनी ठरवू नये. पौलही स्त्रीच्या केसांना तिची शोभा मानतो.

शिक्षकांनी वर्गास विचारावे : मंडळीच्या मदतनिधीतून या टोपीसाठी पैसे द्यावेत काय? आमच्या मते औषध आधी; पण शिल्लक असल्यास नकार देऊ नये. केस गेल्यामुळे उपासनेस येणे सोडलेल्या भगिनीकडे प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकांसोबत कोण जाणार, हेही त्याच वेळी ठरवावे.